कॅटलॉगमधली पेन्सिल

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्या तासाला मी एक उद्योग करायची. आजवर तो कुणाला सांगितलेला नाही. हजेरी घेताना कॅटलॉगमध्ये प्रत्येक नावापुढे पेन्सिलीनं अगदी बारीक एक अक्षर लिहायचं. ‘हु’, ‘म’ किंवा ‘मं’. हुशार, मध्यम, मंद. नाव पुकारलं की पोर उभं राहायचं, ‘हजर बाई’ म्हणायचं आणि खाली बसेपर्यंत त्याचा निकाल लागलेला असायचा. चाचणी नाही, तोंडी नाही, मागच्या वर्षीचं प्रगतिपुस्तक नाही. साठ पोरांचा फैसला दहा मिनिटांत.

मार्चमध्ये निकालपत्रक करताना ती अक्षरं पडताळून बघायची. बहुतेक बरोबर निघायची. स्टाफरूममध्ये माझी ख्याती होती की बाईंना चेहरा बघून पोर कळतं. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ३१ वर्षं मी मराठी आणि इतिहास शिकवला. त्यातली निदान वीस वर्षं तरी या ख्यातीवर मी खूश होते.

त्या दहा मिनिटांत मी नेमकं काय बघत होते, हा प्रश्न मला फार उशिरा पडला. विचारलं असतं तर मी म्हणाले असते, ‘तरतरीत पोर लगेच ओळखू येतं हो.’ आता या शब्दाकडेच बघा. नाक तरतरीत असतं आणि मुलगाही तरतरीत असतो. डोळे पाणीदार म्हटले की ऐकणारा त्यात अक्कल आपसूक धरून चालतो. चुणचुणीत मुलगी म्हणजे दिसायला की डोक्यानं, हे सांगणाऱ्यालाही सांगता यायचं नाही. चेहऱ्यावर ‘तेज’ असतं ते बुद्धीचंच असणार, कातडीचं म्हणायची आपल्याकडे रीत नाही. उलट्या बाजूला मठ्ठ आणि बावळट. ‘बावळट दिसतो’ आणि ‘बावळट आहे’ यांत आपण फरक करतच नाही. इंग्रजीतून शब्द उचलला तोही ‘स्मार्ट’, म्हणजे इस्त्रीच्या शर्टालाही चालतो आणि गणितालाही. आणि मंद पोराला ‘ढ’ का म्हणायचं, तर ब्राह्मीपासून देवनागरीपर्यंत येताना बाकीची अक्षरं ओळखू येईनाशी बदलली, ‘ढ’ मात्र होता तसाच राहिला, असं सांगतात. ज्याचं रूप पालटलं नाही तो निर्बुद्ध. अक्षरालासुद्धा आपण सोडलेलं नाही.

एडवर्ड थॉर्नडाइक या अमेरिकी मानसशास्त्रज्ञानं १९२० साली एक निबंध लिहिला. लष्करातल्या अधिकाऱ्यांनी हाताखालच्या माणसांना शरीरयष्टी, बुद्धी, नेतृत्व, स्वभाव अशा सदरांखाली वेगवेगळे गुण दिले होते. ते त्यानं तपासले, तर सगळे गुण एकमेकांना चिकटलेले. यष्टीत वर असलेला माणूस बुद्धीतही वर, स्वभावातही वर. इतकं सगळं एकाच माणसात नांदणं शक्य नव्हतं. अधिकारी एक ठसा घेत होते आणि तोच चारही रकान्यांत उमटवत होते. देवाच्या मूर्तीमागे प्रभावळ असते ना, तोच शब्द त्यानं या चुकीला इंग्रजीत दिला.

मला जास्त झोंबलेला अभ्यास १९७३चा आहे, कारण त्यात शिक्षकच सापडले होते. मार्गारेट क्लिफर्ड आणि इलेन वॉल्स्टर या दोघींनी अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या पाचवीच्या शेकडो शिक्षकांना एक प्रगतिपुस्तक पाठवलं. गुण तेच, हजेरी तीच, सवयींचे शेरे तेच. वर चिकटवलेला फोटो मात्र वेगवेगळा. फोटोतलं मूल गोजिरं असेल तर त्याचा बुद्ध्यंक जास्त असणार, असं शिक्षकांनी कळवलं. आणि त्याच्या आईवडिलांना शिक्षणाची जास्त कळकळ असणार, असंही कळवलं! पोराच्या गालावरून त्याच्या बापाची कळकळ ओळखणारे ते शिक्षक आणि मी, आम्ही एकाच गुरुकुलातले.

मग माझी अक्षरं मार्चमध्ये खरी कशी ठरायची? याचं उत्तर फार गूढ नाही. ‘हु’ला मी प्रश्न विचारायची, त्याचं उत्तर अडलं तर थांबायची, ‘आठव, आठव, येतंय तुला’ म्हणायची. ‘मं’ अडखळला की ‘बस खाली’. धडा वाचायला ‘हु’, फळ्यावर सुविचार लिहायला ‘हु’. गॅदरिंगला पाहुण्यांपुढे तबक धरायला कोण आणि पडदा ओढायला कोण, हेही जूनमध्येच ठरलेलं असायचं. नऊ महिने एका रोपाला पाणी घालायचं, दुसऱ्याला नाही, आणि मग म्हणायचं, मला बी बघूनच कळलं होतं.

यात सगळ्यात नवलाची गोष्ट ही, की मला हे आधीच कळायला हवं होतं. मी स्वतः त्याच काट्यावर मोजली गेले होते, फक्त उलट्या पारड्यात.

आम्ही दोघी बहिणी. आक्का गोरी, घाऱ्या डोळ्यांची, नाकीडोळी नीटस. मी सावळी. घरी पाहुणे आले की ओळख ठरलेली असायची, ‘ही थोरली, देखणी. ही धाकटी, हुशार.’ जणू आईनं एकाच डब्यातला लाडू दोघींना फोडून दिला होता. माझ्या बाबतीत वाक्य जरा लांबायचं, ‘सावळी आहे, पण हुशार आहे.’ त्या ‘पण’वर मी बीएड केलं. वडील संध्याकाळी दासबोध वाचायचे. चौदाव्या दशकात चातुर्याची लक्षणं सांगताना समर्थ आरंभालाच म्हणतात, की रूप-लावण्य अभ्यासानं मिळत नाही, उपजत गुणापुढे उपाय चालत नाही, म्हणून माणसानं आगंतुक गुणांची, म्हणजे कमावता येणाऱ्या गुणांची कास धरावी. हे वडील मला वाचून दाखवायचे. आक्काला कधीच नाही. तिला कमावायची गरज नाही असं घरानं गृहीत धरलं होतं, आणि तिनंही धरलं.

आक्काचं एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं. स्थळ चालून आलं होतं. आज सत्तरी ओलांडल्यावरही ती रविवारचं शब्दकोडं चहा निवायच्या आत सोडवते. सुट्टीत आम्ही मेंढीकोट खेळायचो, तेव्हा तिसऱ्या हातानंतर कुणाच्या हातात कोणती दश्शी आहे हे तिला बिनचूक माहीत असायचं. मी तिच्याविरुद्ध एकदाही जिंकलेले नाही. पण पहिला वर्ग माझा आला, कारण परीक्षेला मी बसले.

म्हणजे आपण दोन समजुती एकाच खिशात बाळगतो. एक म्हणते, सुंदर तो हुशारही असणार. दुसरी म्हणते, देव दोन्ही हातांनी देत नाही, रूप दिलं की अक्कल काढून घेतो. मुलग्यासाठी बहुधा पहिली बाहेर काढतो, मुलीसाठी कधी ही, कधी ती. वर्गात तबक धरायला निवडलेली मुलगी गणितात पुढं निघाली की हेच स्टाफरूम म्हणायचं, ‘दिसायला चांगली आहे, बारावीनंतर ठेवतायत कशाला, उजवून टाकतील.’ आणि टाकायचे. दिसण्याचा फायदा तिला मिळतो तो नेमका कशासाठी, हे एकदा बघायला हवं. २०१७ साली बारावीच्या समाजशास्त्राच्या पाठ्यपुस्तकावरून गदारोळ झाला होता. हुंड्याच्या कारणांमध्ये मुलीची कुरूपता हे एक कारण म्हणून छापलं होतं. मुलींनी ते पाठ करून परीक्षेत लिहावं, अशी सोय. गदारोळ बरोबरच होता, पण मला त्यातलं वाक्य नवीन नव्हतं. आमच्या हॉलमध्ये कांदेपोह्यांच्या बशीबरोबर ते कितीदा तरी फिरलेलं होतं.

एवढं सगळं सोसून मी कॅटलॉगमध्ये पेन्सिल चालवत होते.

पेन्सिल अडली ती एका मुलीपाशी. दिवाळीनंतर कारखान्याचा गळीत हंगाम सुरू झाला, बीडकडच्या ऊसतोडीच्या टोळ्या आल्या, माळावर त्यांच्या कोप्या, म्हणजे झोपड्या, उभ्या राहिल्या. त्या पोरांपैकी बहुतेक शाळेत येतच नाहीत, धाकटी भावंडं सांभाळतात. त्या वर्षी तीन-चार जण आमच्याकडे बसायला लागले. ही आठवीत आली. केस भुरके, पिंजारलेले. हातांवर पाचटानं कापल्याच्या रेघा. टाचा फुटलेल्या. पहिल्या तासाला डोळे मिटायचे. काही विचारलं की उभी राहून जमिनीकडे बघायची. मी नोव्हेंबरात नवं नाव लिहिलं आणि त्यापुढे ‘मं’. शंकासुद्धा आली नाही.

जानेवारीत एका संध्याकाळी स्कूटीवरून घरी निघाले होते. कोप्यांजवळ रस्त्यात बैलगाड्या आडव्या लागल्या म्हणून थांबले. मुकादम खाटेवर बसून काट्यावरच्या पावत्या वाचत होता आणि ही समोर उभी राहून भाकरीचं पीठ मळल्या हातानं ऐकत होती. ‘अकरा टन चारशे, नऊ टन सातशे साठ, दहा टन अडीचशे.’ त्याचं वाचून संपायच्या आत ती म्हणाली, ‘एकतीस टन चारशे दहा.’ मग कोणत्या कोयत्याच्या वाट्याला किती आलं, कुणाची उचल किती फिटली, किती राहिली, हे ती बोलत गेली. त्यांच्यात कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. टोळीत दहा-बारा कोयते होते. मुकादमानं मधेच तिला अडवलं, मोबाइलवर आकडेमोड केली, आणि काही न बोलता पुढची पावती काढली. कागद नाही, पेन नाही. हिशोब सगळा डोक्यात, आणि हिच्या डोक्यात आहे हे सगळ्या टोळीला माहीत. नव्हतं ते फक्त शाळेला.

पहिल्या तासाला तिला झोप का येते, हे मी नंतर विचारलं. घरचे पहाटे तीनला तोडीला जायचे. त्यांच्या भाकऱ्या तीच करायची.

त्या रात्री मी ‘तेज’ या शब्दाची फोड करत बसले. मी ज्याला तेज म्हणत होते ते काय होतं? सकाळचं दूध. आठ तासांची झोप. आईनं घातलेल्या दोन वेण्या आणि लाल रिबिनी. कडक कॉलर. बाई काही विचारतील तर सांगायची घरी झालेली सवय. आणि लाजेनं लिहिते, पण लिहायला हवं, कातडीचा रंगही. यातलं एकही मेंदूत नसतं. लेस्ली झेब्रोविट्झ आणि जिलियन ऱ्होड्स यांचं २००४चं काम इथं आठवतं. चेहरा आणि बुद्धी यांच्यात थोडा खरा दुवा त्यांना दिसला, पण तो कमी देखण्या अर्ध्या भागातच. त्याच्या वर गेलं की दुवा संपतो. माझ्या मते हे समजायला सोपं आहे. लहानपणीचं आजारपण, उपासमार चेहऱ्यावरही उमटते आणि वाढीवरही. पण सुंदर आणि अतिसुंदर यांत हुशारीचा काही फरक नसतो, आणि आपली बोली लावणं सगळं तिथंच चालतं.

आमचे गणिताचे सर मात्र हे सगळं ऐकून खूश झाले. ‘बाई, हा रोग तुमच्या विषयांना. आमच्याकडे दोन नि दोन चार, चेहरा कुणाचाही असो.’ मला राग आला होता. पुढे स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाचा, २०२२ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचला आणि सरांना फोन करून शरणागती पत्करली. एड्रियन मेहिच यांनी तिथल्या इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांचे गुण तपासले. आकडेमोडीच्या विषयांत दिसण्याचा फायदा नव्हता. जिथं शिक्षकाशी बोलणं-चालणं जास्त, अशा विषयांत देखण्यांना जास्त गुण होते, मुलांनाही आणि मुलींनाही. मग महामारी आली, वर्ग ऑनलाइन झाले, आणि देखण्या मुलींचे गुण या विषयांत घसरले. देखण्या मुलांचे मात्र टिकून राहिले! हे का, यावर सर आणि मी अजून भांडतो. ते म्हणतात, देखणी मुलं खरोखरच जास्त धीट होतात आणि धिटाई कॅमेरा बंद असला तरी ऐकू येते. मला वाटतं, मुलाला मिळालेली सवलत परत घ्यायचं कुणाच्या मनातच येत नाही.

आमच्याकडे २०२०मध्ये कॅमेरे बंदच असायचे, डेटा पुरायचा नाही. नुसती नावं आणि आवाज. आठवीची ती तुकडी मी पाऊण वर्ष चेहऱ्यांशिवाय शिकवली, आणि मनातल्या मनातही अक्षरं लिहिता येईनात. मन अडखळलं. मग काय करावं, तर आवाजावरून लिहायला लागले. खोड जाते कुठे? बोर्डाच्या पेपरांवर नाव नसतं, बारकोड असतो, तिथं आम्ही हस्ताक्षरावर डोळा ठेवतो. मोत्यासारखं अक्षर असलं की चुकीच्या सनावळीकडेही जरा प्रेमानं बघितलं जातं. आणि अक्षर कुत्र्याचे पाय मांजराला असलं, की बरोबर उत्तरही शोधून काढावं लागतं, आणि शोधायचा कंटाळा येतो.

या विषयातला एक आकडा मात्र मला बरेच दिवस छळत होता. ब्रिटनमध्ये १९५८च्या मार्च महिन्यातल्या एका आठवड्यात जन्मलेल्या १७,००० हून अधिक मुलांची आयुष्यभर नोंद ठेवली गेली. सातोशी कानाझावा यांनी २०११ साली त्या नोंदी वापरून म्हटलं, की देखणी मुलं खरोखरच जास्त बुद्धिमान असतात, आणि दुवा चांगला भक्कम आहे. बुद्धीच्या चाचण्या रीतसर झालेल्या. मग माझं पेन्सिलीचं पाप तेवढं मोठं नव्हतं की काय?

मग ते मूल देखणं आहे हे कुणी ठरवलं, हे मी वाचलं. सातव्या आणि अकराव्या वर्षी, त्याच्या वर्गशिक्षकांनी.

हसू आलं. कारण वर्गशिक्षक कसा बघतो हे कानाझावांना कदाचित ठाऊक नसेल, मला ठाऊक आहे. जूनमध्ये मला देखणं पोर हुशार वाटतं, हे खरं. पण त्याहून चोरटी गोष्ट पुढे घडते. सहामाही होते, वह्या तपासून होतात, एखादा कधी न बोलणारा मुलगा शिवाजी महाराजांच्या आग्ऱ्याहून सुटकेवर असा प्रश्न विचारतो की मला रात्री पुस्तक काढावं लागतं. आणि फेब्रुवारीपर्यंत त्या मुलाचे पुढे आलेले दात दिसेनासे होतात. खोटं नाही, दिसतच नाहीत. हसतो तेव्हा छान दिसतो असं वाटायला लागतं. तेव्हा कुणी मला त्याच्या नावापुढे ‘देखणा आहे का’ असा रकाना भरायला दिला असता, तर मी प्रामाणिकपणे ‘हो’ लिहिलं असतं. ब्रिटनमधल्या त्या शिक्षकांनी वर्षभर शिकवलेल्या मुलांचे रकाने भरले होते. २०१५ साली १,७५३ जुळ्यांच्या फोटोंना, त्यांना न ओळखणाऱ्या लोकांकडून गुण देववले गेले, तेव्हा चेहरा आणि बुद्धी यांचा काहीच संबंध निघाला नाही.

केविन निफिन आणि डेव्हिड स्लोन विल्सन यांनी २००४ साली हीच गोष्ट विद्यापीठातल्या एका वल्हवण्याच्या संघात पकडली होती. संघातला कामचुकार गडी त्याच्या सोबत्यांना कुरूप वाटायचा आणि राबणारा देखणा. तेच फोटो परक्यांना दाखवले तर त्यांना दोघांत फरक दिसेना. मला हा अभ्यास फार आवडतो. त्यात कुणाचाही चेहरा बदलत नाही, बघणाऱ्याला नुसतं एकाच होडीत बसावं लागतं.

त्या मुलीचं पुढे काय झालं, ते मला माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मी तिला फळ्यापाशी बोलावलं, ती नेहमीसारखी जमिनीकडे बघत राहिली. मग मधल्या सुट्टीत टेबलाशी बोलवायला लागले, तिथं बोलायची. ‘मं’ खोडून ‘हु’ केलं, तेव्हा खोडरबरानं कागद थोडा फाटला. एप्रिलच्या आरंभी तोडीचा हंगाम संपला आणि टोळी गावी गेली. नाव हजेरीतून लाल शाईनं कमी झालं. पुढच्या हंगामात वेगळी टोळी आली. पुढच्या जूनपासून मी अक्षरं लिहिणं बंद केलं. डोक्यात लिहिणं बंद झालं असं म्हणणार नाही, ऑनलाइनचं वर सांगितलंच आहे.

त्या वर्षीच्या तुकडीचा ग्रुपफोटो माझ्याकडे आहे. परवा आक्काची सून आली होती, तिला काढून दाखवला आणि म्हटलं, ‘यात देखणं कोण, सांग बरं.’ तिनं क्षणभरही न घालवता पहिल्या रांगेतल्या दोघींवर बोट ठेवलं. बरोबर, त्याच दोघी तबक धरायच्या. मग म्हणाली, ‘मावशी, तुम्ही सांगा.’

मी शेवटच्या रांगेत डावीकडून दुसरीवर बोट ठेवलं. हिशोब करताना खालचा ओठ दाताखाली धरायची, फोटोतही तसाच धरलेला आहे. आक्काच्या सुनेनं चष्मा वर करून फोटो जवळ घेतला, लांब धरला, पुन्हा जवळ घेतला.

‘ही?’ ती म्हणाली.